संध्याकाळी बोर्ड कोरा

लिफ्ट बंद पडली की माणूस भांडायच्या तयारीनेच फोन करतो. हातात सामान घेऊन आठ मजले चढलेला, धाप लागलेला माणूस, तो काय फुलं उधळणार? लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीच्या शाखेत असे फोन दिवसभर यायचे, आणि त्यातले बरेचसे एक बाई घ्यायच्या. पलीकडच्याने तोंडाचा पट्टा सुरू केला की बाई म्हणायच्या, "अरे बापरे, फारच त्रास झाला हो तुम्हाला. थांबा, आधी लिहून घेते." निम्मा राग तिथेच उतरायचा. उरलेला निम्मा "उद्या सकाळी पहिला माणूस तुमच्याकडे" या वाक्यावर उतरायचा. मेकॅनिक लोकांनी त्यांचं नाव साखरबाई ठेवलं होतं. बाईंना ते आवडायचं, पण आवडतं असं त्या कोणाला कळू द्यायच्या नाहीत.

आवाजही असा लाभलेला, की पन्नाशीला टेकलेल्या बाईंना फोनवरची माणसं "बेटा" म्हणायची. एका आजोबांनी तर "चांगली शीक, मोठी हो" असा आशीर्वाद दिला होता. बाईंनी तो घेतला आणि घरी येऊन सासूबाईंना सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "मग शीक की आता. भाजीत मीठ किती घालायचं, तिथपासून सुरुवात कर." सासूबाईंनी सगळं आयुष्य दवाखान्यात आयाचं काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्या जिभेला कोणाचीच भीती उरली नव्हती. नवरा उलट्या स्वभावाचा. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळायचा, आणि वर्षानुवर्षं ती धुऊन धुऊन काही फुटू नये एवढंच त्याचं जगाकडे मागणं राहिलं होतं.

ऑफिस तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत टेबलं आणि फोन, कोपऱ्यात साहेबांची काचेची केबिन, मागे सुट्या भागांचं गोदाम. गोदामातला ग्रीसचा वास बाईंच्या कपड्यांबरोबर रोज घरापर्यंत जायचा. समोरच्या भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड होता. आलेली तक्रार त्यावर लिहायची, मेकॅनिक काम उरकून आला की पुसायची, इतका साधा मामला. पूर्वीच्या साहेबांच्या काळात तो बोर्ड कायम गच्च भरलेला असायचा. ते त्याच्यापुढे उभे राहून टक्कल खाजवायचे आणि मोठ्या मेकॅनिकला म्हणायचे, "मामा, आधी हे घ्या, त्या घरात आजारी माणूस आहे." मग ते निवृत्त झाले, आणि वरच्या ऑफिसातून नवे साहेब आले.

नव्या साहेबांच्या कपड्यांना कधी चुणी दिसली नाही. आवाज चढवायचे नाहीत, शिवी द्यायचे नाहीत, पण जवळ गेलेला माणूस चटका घेऊनच परत यायचा. त्यांचं नाव इस्त्री पडायला आठवडासुद्धा लागला नाही.

ते आले त्याच महिन्यात वरून पाहुणे आले. योगायोगाने त्या संध्याकाळी बोर्डवर दोनच ओळी होत्या आणि त्याही कोणीतरी घाईघाईने पुसून टाकल्या. पाहुणे बोर्डाकडे बघून म्हणाले, "वा, एकही काम बाकी नाही!" झालं. दुसऱ्या दिवसापासून नियम आला, की संध्याकाळी बोर्ड कोरा पाहिजे. कामं झाली पाहिजेत असा तो नियम नव्हता, हे लक्षात घ्या. बोर्ड कोरा पाहिजे. ऑफिस सुटायच्या आधी साहेब केबिनमधून बाहेर येत, मोबाईलवर कोऱ्या बोर्डाचा फोटो काढत आणि वर पाठवून देत. वर कोणीतरी तो बघून खूश होत असणार. त्या वर्षात दोन मेकॅनिक सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही, कारण ज्या बोर्डवर काम उरतच नाही त्याला जास्त माणसं कशाला? आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

पण लिफ्टला हे कोण सांगणार? तक्रारी येतच होत्या. सुरुवातीला बाई उरलेली कामं एका वहीत उतरवून घ्यायच्या आणि मगच बोर्ड पुसायच्या. साहेबांना ती वही सापडली. सकाळच्या सभेत त्यांनी ती पानापानाने वाचून दाखवली आणि म्हणाले, "दुसरा बोर्ड चालणार नाही, चिठ्ठीसुद्धा नाही." मोबाईलने फोटो काढावा, तर सगळ्यांचे मोबाईल सकाळीच कपाटात जमा व्हायचे आणि फोटो वर गेल्यावरच परत मिळायचे. मग मामांनी तोडगा काढला. पुसायच्या आधी त्यांनी आपल्या वाट्याची कामं बॉलपेनने तळहातावर लिहिली आणि मूठ मिटून खिशात घातली. बघता बघता सगळ्या ऑफिसचे तळहात निळे झाले. सकाळी साहेब यायच्या आधी ज्याने त्याने आपला हात बघून बोर्डवर ओळी परत लिहायच्या, जणू त्या आत्ताच आल्या. शिकलेसवरलेले, बायकापोरं असलेले लोक हे रोज करत होते आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

बाईंना तर त्यात तरबेजपणा आला होता. शेजारच्या टेबलावर एक मुलगी नव्याने लागली होती. तिला लागून दोन वर्षं झाली तरी तिचं नाव नवीच राहिलं. तिला बाईंनी स्वतः शिकवलं, "करंगळीच्या बाजूने लिहायला लाग. अंगठ्याकडे घाम येतो, शाई धरत नाही." नवी हसली होती. पण तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. एका सकाळी सभेत तिने सरळ विचारलं, "साहेब, कामं बाकी असताना पुसायचं कशाला?"

ही सकाळची सभा उभ्याने व्हायची, कारण बसलं की माणूस सैलावतो असं साहेबांचं मत होतं. सभेत पहिला प्रश्न ठरलेला, "काल कोण चुकलं?" कोणी सांगायला लागलं की पार्ट आला नव्हता, माणूस एकच होता, तर साहेब हात वर करून शांतपणे म्हणायचे, "कारण नको, नाव द्या." त्यामुळे सगळ्यांनी मूग गिळून बसायची कला आत्मसात केली होती. अशा ठिकाणी नवीने प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." तेवढंच. पण त्या दिवसापासून ते तिला पाण्यात बघायला लागले. तिचं अक्षर वाईट झालं, तिचा चहा लांबायला लागला, तिने घेतलेली सुट्टी नेमकी गर्दीच्या दिवशी यायला लागली. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय?

बाईंना हे सगळं दिसत होतं. त्या नवीला एकदा म्हणाल्याही, "अगं, भिंतीला कान असतात, पण डोकं नसतं. डोकं आपटून उपयोग नाही." नवी म्हणाली, "ताई, मग भिंतीशी रोज बोलायचं तरी कशाला?" बाईंनी विषय चहावर नेला.

एका दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांची लिफ्ट मजल्याला बरोबर थांबत नव्हती, चांगली वीतभर खाली थांबायची. त्या म्हणाल्या, "आम्ही दोघंच असतो चौथ्या मजल्यावर. ह्यांच्या हातात काठी असते, डोळ्यांना कमी दिसतं. रोज जीव मुठीत धरून बाहेर पडतो." साखरबाईंनी नेहमीच्या मायेने ऐकून घेतलं. ही माया नाटकी नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटायचं, प्रत्येक वेळी. त्या म्हणाल्या, "आजी, अगदी काळजी करू नका. उद्या सकाळी पहिला माणूस तुमच्याकडे." मग बोर्डवर ओळ लिहिली. त्या वेळी नवी टेबलावर नव्हती. तिला साहेबांनी गोदामात नट-बोल्ट वेगळे करायला बसवलं होतं, ते तिचं काम नसताना. परत येताना तिने बाईंना ती ओळ बोर्डवर लिहिताना पाहिलं आणि ती आपल्या जागेवर बसली.

संध्याकाळी बाईंचा तळहात तक्रारींनी भरून गेला. ही शेवटची ओळ उरली, तेव्हा जागा फक्त अंगठ्याच्या मुळाशी होती. तिथे त्यांनी ती लिहिली. साहेबांनी फोटो काढला.

घरी पाऊल टाकलं तर मोरी तुंबलेली. पाणी स्वयंपाकघरात यायला लागलेलं, सासूबाई पाटावर पाय वर घेऊन बसून नळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, नवरा फडकं घेऊन कुठून सुरुवात करावी या विचारात उभा. बाईंनी पर्स भिरकावली आणि कोपरापर्यंत हात जाळीत घातला. गाळ निघाला, केस निघाले, एक बटण निघालं. पाणी घळघळत गेलं तेव्हा सासूबाईंनी टाळी वाजवली. आणि मग बाईंना हात आठवला.

घरी येऊन आधी कागदावर उतरवून काढायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्याच दिवशी नेमका चुकला. बसमध्येच उतरवायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. बाई पुढे कितीतरी दिवस स्वतःला तेच म्हणत होत्या. दिव्याखाली हात धरून त्यांनी करंगळीकडच्या ओळी वाचल्या, मधल्या काही आठवून जुळवल्या. अंगठ्याच्या मुळाशी नुसता निळा डाग होता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे काही वाचता येतंय का बघा बरं."

नवऱ्याने चष्मा लावला, हात वळवून वळवून पाहिला आणि म्हणाला, "परदेश प्रवास दिसतोय."

सगळे हसले. बाईही हसल्या. सकाळी त्यांनी कागदावरच्या ओळी बोर्डवर लिहिल्या, तेव्हा काहीतरी राहतंय असं त्यांना वाटलंच. त्या मार्कर हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. एवढ्यात साहेब आले, खुर्च्या सरकवल्या गेल्या आणि "काल कोण चुकलं?" सुरू झालं. नंतर फोनांच्या भाऊगर्दीत ते वाटणंही विरून गेलं.

चार-पाच दिवसांनी त्या इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. काठीवाले आजोबा लिफ्टमध्ये शिरताना पडले होते. पाऊल टाकलं तिथे जमीन नव्हती. खुब्याचं हाड मोडलं. आणि तक्रार आधीच दिलेली होती, हे सेक्रेटरींनी दोन वेळा सांगितलं.

काचेतून साहेबांचे ओठ हलताना दिसत होते. फोन ठेवून त्यांनी दारातून त्या इमारतीचं नाव सांगितलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी काय लिहिलं होतं ते बाईंना त्या क्षणी अक्षर न अक्षर आठवलं. पुढचा फोन वाजत राहिला, तो नवीने उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उभे. साहेब म्हणाले, "सेक्रेटरी सांगतात, तक्रार एका मुलीने घेतली. आवाज तरुण मुलीचा होता, असं त्या आजींनी सांगितलंय." थोडं थांबून ते म्हणाले, "आपल्याकडे मुलगी एकच आहे."

नवी म्हणाली, "साहेब, त्या दुपारी मी फोनवर नव्हते. तुम्हीच मला गोदामात बसवलं होतं."

"कारण नको."

"हे कारण नाही साहेब, मी तिथे नव्हतेच."

"मग कोण होतं? नाव द्या."

मामा आपल्या बुटांकडे बघत होते. नवीला नाव माहीत होतं. एक शब्द टाकला असता तर ती सुटली असती. तिने तो टाकला नाही. तिने फक्त मान वळवून बाईंकडे पाहिलं. ती रागाने बघत नव्हती. आता या बोलतील, अशा खात्रीने बघत होती.

बाईंच्या तोंडात शब्द आले होते. मी घेतला होता फोन, एवढेच. मग त्यांना घर दिसलं, पाटावर बसलेल्या सासूबाई दिसल्या, या वयात दुसरीकडे कोण घेणार हे दिसलं. त्या म्हणाल्या, "साहेब, मी... बघून सांगते."

काय बघणार होत्या, देव जाणे. साहेबांनी मान हलवली आणि नवीला म्हणाले, "तुम्ही घरी बसा. कळवू." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. नवीने ड्रॉवर रिकामा केला, आपला कप पिशवीत टाकला आणि ती गेली. जाताना तिने परत पाहिलं नाही. बाईंनी त्या दिवशीही सगळे फोन गोड आवाजात घेतले.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तू बोलली असतीस तर तू गेली असतीस. ती तरुण आहे, तिला कुठेही मिळेल. आता झालं ते झालं, पुन्हा उकरू नकोस."

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, तो म्हातारा कसा आहे?"

"कोण?"

"पडलेला. खुबा मोडला म्हणालीस ना? ऑपरेशन झालं? उठून बसतोय का? या वयात खुबा मोडला की माणूस आडवा पडतो तो पडतोच. मी किती बघितलेत."

बाईंना माहीत नव्हतं. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. फोन कोणी घेतला यावर सकाळभर खल झाला होता आणि माणसाचं काय झालं हे कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. ही लाज सभेतल्या लाजेपेक्षा मोठी होती. रात्री त्या धड जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्या दवाखान्यात गेल्या. आजोबांना गुंगी होती. पाय कसल्याशा पट्ट्यांनी बांधून ठेवलेला, काठी भिंतीला टेकवलेली. आजी स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या, खाणारं कोणी नसताना. बाई म्हणाल्या, "आजी, मी लिफ्टच्या ऑफिसातून आलेय."

आजींनी मान वर केली. "अगंबाई, तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी. मला वाटलं होतं एखादी पोरसवदा मुलगी असेल." त्यांनी स्टूल सोडून बाईंना बसायला जागा केली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. एवढ्या दिवसांत कंपनीचं कोणी आलं नव्हतं."

बाई बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, माझ्याकडून राहिलं. तुमची तक्रार मी हातावर लिहिली होती, ती पुसली गेली."

"हातावर?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. बोर्ड, फोटो, बॉलपेन, मोरी. सांगता सांगता ते किती वेडगळ आहे हे बाईंना पहिल्यांदाच ऐकू आलं. आजी ऐकत होत्या, आणि हातातलं संत्रं तसंच होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पडायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले होते, पुन्हा एकदा फोन कर. मीच म्हटलं, नको. ती मुलगी किती चांगलं बोलली, किती मनापासून. तिला काही अडचण आली असेल. येईल माणूस. उगीच कशाला मागे लागायचं?"

बाईंनी खाटेच्या दांडीला धरलं.

"तुम्ही खेकसला असतात ना," आजी म्हणाल्या, "तर मी दुसऱ्याच दिवशी भांडले असते."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. त्या नुसतं मनाशी जुळवून बघत होत्या. थोड्या वेळाने आजोबा कण्हले, तेव्हा आजी म्हणाल्या, "आता तुम्ही या. हे जागे होतील." बाई बाहेर आल्या आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, हिचं कोणी गेलं असेल.

त्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळेला त्या ऑफिसात पोचल्या. बोर्ड भरलेला होता. सगळे बॉलपेनं काढून तळहात उघडत होते. बाई म्हणाल्या, "थांबा. आज पुसू नका." आणि त्या बोर्डापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "बाई, कशाला वाघाच्या तोंडात हात घालताय?" पण त्यांनी पेन खिशात ठेवलं, हेही खरं.

साहेब मोबाईल हातात धरून आले. "हे काय?"

"बाकीची कामं आहेत, साहेब."

"पुसा."

"ती तक्रार मी घेतली होती," बाई म्हणाल्या. "बोर्डवरून पुसली ती मीच. नवीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. काल मी घाबरले. तिला परत बोलवा. आणि आजोबांना भेटायला तुम्ही स्वतः जा."

कोणाला वाटलं असेल, साहेब आता भडकतील. भडकले असते तर एक वेळ बरं झालं असतं. ते म्हणाले, "छान. नाव मिळालं." मग त्यांनी डस्टर उचललं, बाईंना हाताने बाजूला केलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सगळा बोर्ड स्वतः पुसला, अगदी काळजीपूर्वक, कुठे डाग राहू न देता. दोन पावलं मागे येऊन फोटो काढला. बाहीवर उडालेली काळी भुकटी झटकली. "उद्यापासून तुम्ही येऊ नका," ते म्हणाले. "आणि त्या मुलीला निरोप द्या, हजर व्हायला सांगा. जाता जाता तेवढं करा."

बाईंनी पर्स घेतली. इतक्या वर्षांची नोकरी संपायला पाच मिनिटंही लागली नव्हती. फाटकाशी आल्या, तर मागून मामा आणि दोन मेकॅनिक धावत आले. बाईंना भरून आलं. मामा धापा टाकत म्हणाले, "बाई, त्यांनी पुसलं तेव्हा कोणी लिहून घेतलं नव्हतं हो. तुमच्या ध्यानात असेल. चौथी ओळ काय होती?"

साहेब एकेक ओळ पुसत होते तशी बाई ती वाचत होत्या. मग त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी सांगितल्या, इमारत, मजला, बिघाड, आणि तिघं रस्त्याच्या दिव्याखाली वाकून आपापल्या तळहातावर त्या लिहून घेत होते. सांगितल्या नसत्या तर आणखी कोणीतरी कुठेतरी पडलं असतं.

नवीचं घर दोन खोल्यांचं होतं. दार तिच्या आईने उघडलं. नवी आत दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती. बाईंना बघून तिने घडी अर्धवट ठेवली नाही, ती पूर्ण केली. बाई उभ्यानेच बोलल्या. दवाखान्यात गेले, आज सगळ्यांसमोर सांगितलं, साहेबांनी तुला परत बोलावलंय. आपली नोकरी गेली हे त्यांनी सांगितलं नाही. पण नवीला ते कळलं असावं.

"मी परत जाणार नाही, ताई," ती म्हणाली.

"अगं, पण आता तुझ्यावर काही नाही. मी सांगितलंय ना."

"ऐकलं मी. बरं केलंत." तिने पुढचा कपडा घेतला. "मला साहेबांचं काही वाटलं नाही. ते तसेच आहेत, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते."

बाईंना सांगता आलं असतं, की त्या गोंधळल्या होत्या, खाली बघत होत्या, लक्षातच आलं नाही. शब्द गोड होते आणि नवीने ते मानलेही असते. आयुष्यभर अशाच शब्दांनी त्यांनी माणसांना शांत केलं होतं.

"मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तू बघत होतीस ते मला दिसलं होतं, आणि तरी मी बोलले नाही."

नवीचे हात थांबले. तिची आई पाण्याचा पेला घेऊन मध्येच उभी होती, पुढे यावं की नाही ते तिला कळेना. शेवटी नवीनेच खाटेवरचे कपडे एका बाजूला सरकवले. बाई त्या रिकाम्या केलेल्या जागेवर बसल्या, आणि पेला हातात घेतला.